वगळण्याची रीत : वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांतील मूर्त आणि अमूर्त

१

चित्रातून विषय निघून गेला की त्या रिकाम्या जागी काय येते, हा प्रश्न आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात वारंवार विचारला गेला आहे. महाराष्ट्रात त्याचे जे उत्तर प्रत्यक्षात मिळाले ते काहीसे विपरीत म्हणावे लागेल. येथे चित्रातील विषयाची जागा चित्रकाराने घेतली. वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्यासंबंधी जे लिहिले-बोलले गेले त्यातील मोठा भाग त्यांच्या मौनासंबंधी आणि एकांतासंबंधी आहे. दिल्लीतील बरसातीत राहणारा, कोणात फारसा न मिसळणारा, मोजकीच चित्रे काढणारा एक विरक्त पुरुष ही प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात इतकी दृढ झाली आहे की, गायतोंड्यांचे एखादे चित्र समोर नसतानाही त्यांच्याविषयी आदराने बोलता येते. पाहण्यासारखे काही उरले नाही असे वाटल्यावर प्रेक्षकाने सांगण्यासारखे काही तरी शोधले, आणि ते चित्रकाराच्या चरित्रात त्याला सापडले.

या प्रतिमेत असत्य फारसे नाही. झेन विचाराचे आकर्षण, निसर्गदत्त महाराज, रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्याविषयीची आस्था या गोष्टी सर्वज्ञात आहेत. परंतु या प्रतिमेतून एक सोयीस्कर कथा तयार होते. चित्रकार आधी जगातील वस्तू रंगवीत होता, पुढे त्याला वैराग्य आले, आणि त्याने वस्तूंचा त्याग केला, अशी ती कथा. ओळखीच्या आकृतीपासून अमूर्ताकडे झालेला प्रवास येथे संन्यासाच्या नमुन्यावर बेतला जातो. या कथेत चित्रांना काम उरत नाही, ती केवळ एका आंतरिक घटनेची साक्ष ठरतात. चित्रे कालक्रमाने पाहिली तर मात्र वेगळाच इतिहास दिसतो. तेथे एकाएकी झालेला त्याग नाही. वगळण्याची एक रीत आहे. ती विद्यार्थिदशेत हाती आली, पन्नास वर्षे टप्प्याटप्प्याने वापरली गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर काय वगळायचे हे आधीच्या टप्प्यावरील चित्राने ठरविले.

२

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. वाढ मुंबईत, गिरगावातील चाळीत झाली. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. या काळातील कलाशाळेचे वातावरण ध्यानात घेतल्याखेरीज पुढील गोष्टींची संगती लागत नाही. एका बाजूला यथार्थदर्शनाचा शतकभराचा अभ्यास होता. त्यातून धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्या चित्रकारांची पिढी घडली होती. दुसऱ्या बाजूला ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत सुरू झालेली भारतीय पद्धतीच्या चित्रणाची शिकवणूक होती, आणि जगन्नाथ अहिवासी हे तिचे जाणते शिक्षक होते. चार्ल्स जेरार्ड संचालक असताना युरोपातील नव्या चित्रकलेचे वारेही कलाशाळेत शिरले होते. शंकर पळशीकरांसारखा चिंतनशील शिक्षक याच सुमारास तेथे शिकवू लागला होता.

या तीन प्रवाहांपैकी गायतोंड्यांनी प्रथम धरला तो अहिवासींचा. जैन पोथ्यांतील चित्रे, बसोहलीची लघुचित्रे, सपाट आणि तेजस्वी रंगांचे पट्टे, त्यांना बांधणारी ठळक रेषा हे त्यांच्या आरंभीच्या चित्रांचे साहित्य आहे. स्त्रियांच्या आकृती, त्यांचे रुंद डोळे, खोली नसलेली पार्श्वभूमी अशी ती चित्रे आहेत. वरवर पाहता तत्कालीन भारतीयत्वाच्या आग्रहात ती सहज बसतात. परंतु लघुचित्रांचा अभ्यास करता करता त्यांनी एक प्रयोग केला होता आणि पुढे स्वतःच तो सांगितला आहे. चित्रातील आकृती मनाने बाजूला सारायच्या आणि उरलेल्या रंगांची केवळ प्रमाणे पाहायची, असा तो प्रयोग होता.

ही गोष्ट साधी वाटते, पण या चित्रकाराच्या इतिहासाचा आरंभबिंदू तोच आहे. लघुचित्रात नायिका असते, मेघ असतात, कदंब असतो, प्रसंग असतो. हे सारे काढून घेतले तर चित्र कोसळावयास हवे. ते कोसळत नाही. केशरी पट्ट्याशेजारी हिरवा किती असावा, काळ्याची रेघ कोठे थांबावी याचा एक हिशेब शिल्लक राहतो, आणि प्रसंगाला उभे धरणारा सांगाडा तोच असल्याचे ध्यानात येते. म्हणजे अमूर्त ही बाहेरून आणलेली नवी वस्तू नव्हे. ती परंपरेतील मूर्त चित्राच्या आतच होती, आणि पाहण्याच्या एका पद्धतीने ती उघडी झाली. गायतोंड्यांच्या अमूर्ताचे मूळ पॅरिसमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये शोधणाऱ्यांना आणि ते थेट उपनिषदांत शोधणाऱ्यांना, दोघांनाही ही कलाशाळेतील साधी घटना पुरेशी महत्त्वाची वाटलेली नाही.

३

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना १९४७ साली झाली. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे हे तिचे संस्थापक. गायतोंडे १९५०च्या सुमारास या गटात आले, तेव्हा तो गट विखुरण्याच्या वाटेवर होता. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले होते आणि रझा १९५० मध्ये फ्रान्सला. त्यामुळे गायतोंड्यांना या गटाकडून एखादा जाहीरनामा मिळाला असे म्हणण्यापेक्षा सोबत मिळाली असे म्हणणे योग्य. ती सोबत पुढे भुलाभाई देसाई यांच्या नावाने वॉर्डन रोडवर चाललेल्या संस्थेत अधिक गडद झाली. एकाच वास्तूत चित्रकारांच्या खोल्या, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी आणि रविशंकरांची संगीतशाळा असे ते स्थान होते. गायतोंडे तेथे काम करीत, आणि शेजारच्या खोल्यांतून येणारे सूर त्यांना परके नव्हते.

या दशकात त्यांच्या चित्रांवर पॉल क्लेची छाया स्पष्ट आहे. लघुचित्रातील जाड बांधीव रेषा येथे बारीक होते. ती आकृतीला कुंपण घालण्याचे सोडून स्वतःच हिंडू लागते. स्त्रीचा देह, पक्षी, घरासारखे चौकोन ओळखू येतात, पण त्यांची ओळख आता रेषेच्या मर्जीवर असते. क्लेचा प्रभाव हा शब्द येथे सावधपणे वापरावा लागतो. क्लेने गायतोंड्यांना नवीन आकृती दिल्या नाहीत. आकृती ही एखाद्या वस्तूची नक्कल नसून खुणेसारखी वापरता येते, एवढेच त्याने दाखविले. लघुचित्राच्या अभ्यासात आकृती मनाने काढून टाकावी लागत होती. क्लेच्या सान्निध्यात ती चित्रातच विरळ करता येऊ लागली. पहिला टप्पा पाहण्याचा होता, दुसरा करण्याचा.

१९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. यशाच्या दृष्टीने पाहिले तर येथे थांबावयास हरकत नव्हती. ओळखीचे आणि अनोळखी यांच्या सीमेवरची ही चित्रे रसिकांना आवडत होती. त्यांत कोडे होते आणि ते थोड्या प्रयत्नाने सुटत होते. गायतोंड्यांनी नेमका हाच सुटणारा भाग पुढे वगळला. खूण ही कशाची तरी खूण असते, आणि प्रेक्षक ती पाहत नाही, वाचतो. तो वाचू लागला की रंगाकडे पाहणे थांबते. १९५०चे दशक संपता संपता खुणाही विरघळल्या आणि चित्राचा पृष्ठभाग मोकळा झाला.

४

या वळणाचा संबंध न्यूयॉर्कशी, विशेषतः मार्क रॉथ्कोशी जोडण्याची प्रथा आहे. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे १९६४ साली अमेरिकेत गेले आणि तेथे रॉथ्कोची त्यांची भेट झाली हे खरे. पण कालक्रम या प्रथेला साथ देत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने गायतोंड्यांचे १९६२ सालचे चित्र १९६३ मध्येच आपल्या संग्रहात घेतले होते. ‘पेंटिंग’ आणि पुढे ४ हा आकडा, एवढेच त्या चित्राचे नाव. म्हणजे चित्रकार अमेरिकेत पोहोचण्यापूर्वी त्याचे वस्तुनिरपेक्ष चित्र तेथे पोहोचले होते. रॉथ्कोच्या भेटीने त्यांना दिशा मिळाली नाही. घेतलेली दिशा दुसऱ्या कोणी दुसऱ्या वाटेने गाठली आहे याचा दिलासा मिळाला असेल.

या चित्रांत दोघांमधील फरकही स्पष्ट आहे. रॉथ्कोचे रंगाचे आयत कडांशी धूसर होतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला वेढून घेतात. १९६०च्या आसपासच्या गायतोंड्यांच्या चित्रांत विस्तीर्ण, जवळजवळ एकरंगी प्रदेश असतो, आणि त्यावर आडव्या ओळीत रंगाचे जाड, खरबरीत तुकडे येतात. त्यांना क्षितिज म्हणण्याचा मोह होतो. समुद्र, धुके, दूरचा किनारा असे शब्द सुचतात. मुंबईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या चित्रकाराबाबत तो मोह समजण्यासारखा आहे. परंतु हे तुकडे दूर असल्याचा भास होत असतानाच त्यांची जाडी त्यांना पुढे, कॅनव्हासच्या पातळीवर खेचून आणते. नजर क्षितिजाकडे निघते आणि रंगावर आपटून परत येते. या दोन हालचालींमधला ताण हेच त्या चित्रातील नाट्य आहे, आणि ते कोणत्याही समुद्राशिवाय घडते.

साधनांतील बदल येथे फार महत्त्वाचा आहे. कुंचल्याची जागा बऱ्याच अंशी रोलर आणि रंगपाती घेतात. कुंचल्याच्या फटकाऱ्यात हाताची लकब असते. तो कोणाचा आहे हे ओळखता येते. रोलर रंग समान पसरवितो, आणि पाती लावलेला रंग खरवडून काढते. विषयाची ओळख वगळल्यानंतर चित्रकाराच्या हाताची ओळखही अशा रीतीने मागे घेतली जाते. याच वर्षांत पाश्चात्त्य अमूर्त चित्रकलेतील एका प्रबळ शाखेने हाताच्या आवेगालाच चित्राचा विषय केले होते. गायतोंडे नेमके उलट गेले. ओल्या रंगाचे पारदर्शक थर एकावर एक चढवायचे, काही काढून टाकायचे, आणि खालच्या थरातून प्रकाश वर येईल इतके थांबायचे. या कामात लावण्याइतकेच काढण्याला महत्त्व आहे. लघुचित्रातून मनाने आकृती काढून टाकणाऱ्या विद्यार्थ्याची रीत आता साधनांत उतरली होती.

५

१९६८च्या आसपास कॅनव्हास आडवा होता तो उभा झाला. हा बदल केवळ मापाचा नाही. आडव्या आयतात क्षितिज आपोआप येते, आणि त्याबरोबर निसर्गदृश्याची आठवणही येते. उभ्या आयतात ही आठवण पुसट होते, आणि नजर वरून खाली, खालून वर फिरू लागते. म्हणजे क्षितिजाचा उरलासुरला दुवाही वगळला गेला. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला गेले.

याच काळात त्यांच्या चित्रांत एक नवे काम दिसू लागते. छापील कागदाचे, वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे फाटलेले तुकडे रंगासह कॅनव्हासवर दाबून, पुन्हा उचलून त्यांनी पृष्ठभागावर ठसे उमटविले. हे ठसे कधी मुळाक्षरांसारखे, कधी एखाद्या विस्मृत लिपीतील चिन्हांसारखे दिसतात. ती लिपी वाचता येत नाही, कारण ती लिपी नाहीच. छापलेल्या शब्दाचा कागद वापरून न वाचता येणारे चिन्ह तयार करणे, यात योजना किती आणि योगायोग किती हे ठरविण्याचे कारण नाही. परिणाम मात्र साहित्याच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारा आहे. एका दशकापूर्वी चिन्हे वाचली जातात म्हणून ती वगळावी लागली होती. आता चिन्हे परत आली, परंतु वाचनाची शक्यता गमावून. अर्थाचे आश्वासन देणारा आकार आणि अर्थ न देणारा पृष्ठभाग यांच्यामध्ये प्रेक्षक थांबतो, आणि त्या थांबण्यात पाहणे घडते.

या चित्रांना नावे नाहीत. त्यांच्या अनेक चित्रांच्या पाठीमागे देवनागरीत सही मात्र आहे. दर्शनी बाजूस न वाचता येणारी अक्षरे आणि पाठीमागे वाचता येणारे नाव, अशी ही विभागणी आहे. रझांशी तुलना केली तर तिचे महत्त्व कळते. नागपूरच्या कलाशाळेतून आलेले रझा फ्रान्समध्ये निसर्गदृश्यांकडून भूमितीकडे वळले आणि त्यांनी बिंदूला केंद्रस्थान दिले. त्यांच्या अमूर्ताला संस्कृत नावे आहेत आणि ती नावे चित्र कसे पाहावे हे सुचवितात. गायतोंड्यांनी प्रेक्षकाला हा आधारही दिला नाही. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे हे १८९० गटातील चित्रकार १९७२च्या सुमारास ऑस्लोला स्थायिक झाले. त्यांच्या अमूर्तात रंगाचा प्रवाह स्वतःच्या गतीने वाहतो, तर गायतोंड्यांच्या चित्रात तो थोपविलेला असतो. प्रभाकर बरवे यांची वाट तर जवळजवळ उलटी आहे. तांत्रिक चिन्हांपासून निघून ते घड्याळ, पान, पेन्सिल अशा साध्या वस्तूंकडे परतले, आणि १९९०च्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्यांनी आपल्या निर्मितिप्रक्रियेचा मराठीत शोध घेतला. म्हणजे मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणे हा विकासाचा एकमेव नियम नाही. तो एका चित्रकाराच्या प्रश्नांतून निघालेला एक मार्ग आहे.

६

आता शब्दाचा विचार करावा लागतो. गायतोंडे स्वतःच्या चित्रांना ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणणे टाळीत आणि ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ ही संज्ञा पसंत करीत. मराठीत तिला वस्तुनिरपेक्ष म्हणता येईल. ‘ॲब्स्ट्रॅक्ट’च्या मुळाशी ओढून काढण्याची कल्पना आहे. एखादी वस्तू घेऊन तिच्यातून काही वेगळे काढले, असा तिचा भाव. म्हणजे मूळ वस्तू गृहीत धरलेली आहे. वस्तुनिरपेक्ष चित्र अशा वस्तूपासून निघत नाही. येथे एक अडचण संभवते. ज्याचा प्रवास आकृती वगळण्यातून झाला त्याचे चित्र वस्तुनिरपेक्ष कसे? उत्तर असे की, वगळणे हा चित्रकाराच्या घडणीचा इतिहास आहे, प्रत्येक चित्राचा नव्हे. १९७० नंतरचे चित्र रंगवताना आधी स्त्री काढून मग ती पुसलेली नसते. शिडी वर पोहोचविते, पण वरच्या मजल्याचा ती भाग नसते.

मराठीत रूढ झालेला ‘अमूर्त’ हा शब्द तर आणखी वेगळी दिशा दाखवितो. व्यवहारात त्याचा अर्थ आकार नसलेले असा घेतला जातो, आणि तेथेच घोटाळा सुरू होतो, कारण गायतोंड्यांच्या चित्रात आकार आहेत. न्याय-वैशेषिकांच्या परिभाषेत मूर्त म्हणजे ज्याचे परिमाण मर्यादित आहे ते. आकाश, काल, दिक् ही अमूर्त आहेत ती त्यांचे परिमाण मर्यादित नाही म्हणून. बृहदारण्यकात तर मूर्त आणि अमूर्त या दोहोंनाही रूपेच म्हटले आहे. म्हणजे शब्दाच्या जुन्या वापरात अमूर्त हा रूपाचा अभाव नाही, तो रूपाचाच एक प्रकार आहे. गायतोंड्यांनी हे ग्रंथ समोर ठेवून चित्रे काढली असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. आपल्या समीक्षेने हाताशी असलेला नेमका शब्द ढिला करून वापरला, एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे.

समीक्षेच्या हाताशी आणखीही काही होते. गायतोंड्यांच्या चित्रातून आकृती नाहीशी होण्याच्या थोड्याच आधी, १९५५ साली, बा. सी. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ प्रसिद्ध झाले. कलाकृतीचे सौंदर्य संवेदनांच्या परस्परसंबंधांत असते, आणि संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांनी ते सिद्ध होते, हा मर्ढेकरांचा सिद्धान्त. साहित्याच्या बाबतीत तो अडखळतो, कारण शब्दाचा अर्थ संवेदनेत बसविता येत नाही, ही टीका पुढे पुष्कळ झाली. परंतु चित्राच्या बाबतीत, विशेषतः आकृती सोडलेल्या चित्राच्या बाबतीत, हीच उपपत्ती किती तरी अधिक समर्थ होती. मराठी सौंदर्यशास्त्राने या सिद्धान्ताची चिकित्सा करण्यात दोन दशके घालविली. रा. भा. पाटणकरांचे ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) हे त्या चिकित्सेचे प्रौढ फळ आहे. त्याच दोन दशकांत मुंबईत एक चित्रकार या सिद्धान्ताला कसोटीला लावील अशी चित्रे काढीत होता. ही दोन कामे एकमेकांना भेटली असती तर दोघांचा लाभ झाला असता.

लाभ केवळ अनुमोदनाचा नव्हता. गायतोंड्यांची उत्तरकालीन चित्रे मर्ढेकरांच्या सिद्धान्ताची मर्यादाही दाखवितात. लयतत्त्वांना एकमेकांपासून वेगळ्या संवेदना लागतात. तांबडा आणि हिरवा असतील तर त्यांच्यात विरोध किंवा समतोल संभवतो. जेथे एकाच रंगाचे असंख्य थर एकमेकांत मुरलेले आहेत, तेथे कोणत्या संवेदनेचा कोणाशी समतोल मोजावयाचा? तेथे संबंध रंगारंगांत नसून एकाच रंगाच्या दोन क्षणांत असतो. पहिल्या दृष्टिक्षेपात सपाट वाटलेला करडा काही वेळाने उजळतो, आणि खालचा तपकिरी जाणवू लागतो. म्हणजे चित्राच्या व्यवस्थेत काळ शिरतो. स्थिर चित्राला काळाचे परिमाण कसे लाभते, हा सौंदर्यशास्त्रातील खरा प्रश्न या चित्रांनी उभा केला. समीक्षेने मात्र चित्रकाराच्या ध्यानधारणेचा निर्देश करून तो सोडून दिला.

७

या चित्रकलेवर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून चालणार नाही. गायतोंडे ओळखीचे जग वगळीत होते त्याच वर्षांत महाराष्ट्र ओळखू न येण्याइतका बदलत होता. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर कारखान्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, १९७० मध्ये तेथे नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे हा पट्टा चाकणपर्यंत सरकला. साहित्यात नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या संग्रहातून कामगार स्वतःच्या आवाजात बोलू लागला. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथांनी आजवर नाव नसलेल्या दुःखाला नाव दिले. गायतोंडे मुंबई सोडून गेले त्या १९७२ सालीच दलित पँथरची स्थापना झाली, आणि राज्य दुष्काळात होरपळत होते. साहित्य नावे देत असताना चित्राने नाव नाकारावे, ही पाठ फिरविणे नव्हे काय?

आक्षेपाचा पूर्वार्ध नीट तपासला पाहिजे. चित्रातील ओळखीचे जग ही तटस्थ गोष्ट नव्हती. महाराष्ट्रातील वास्तवदर्शी चित्रकलेने जे जग ओळखीचे केले होते त्यात घाट, देवळे, वाडे, नऊवारीतील घरंदाज स्त्रिया आणि पौराणिक प्रसंग होते. कारखान्याची शेड त्यात नव्हती, आणि गावकुसाबाहेरची वस्ती असलीच तर ती रम्य दृश्य म्हणून होती. ज्या ओळखीवर नव्या साहित्याने आघात केला तीच ओळख गायतोंड्यांच्या चित्राने वगळली. एकाने ती खोटी ठरवून तिच्या जागी खरे नाव ठेवले, दुसऱ्याने ती जागाच मोकळी केली. दोन्ही कृती एकाच जुन्या रम्यतेला नकार देतात, आणि या मर्यादेपर्यंत त्या परस्परविरोधी नाहीत.

आक्षेपाचा उत्तरार्ध मात्र शिल्लक राहतो. नाव मागणाऱ्या दुःखाला गायतोंड्यांचे चित्र उत्तर देत नाही, आणि देऊ शकत नाही. त्या मोकळ्या जागेत सर्व काही सामावले आहे असे सांगून समीक्षेने ही उणीव झाकू नये. एखादी कला काय करीत नाही हे मान्य केल्यानेच ती काय करते याची किंमत ठरते. गायतोंड्यांचे चित्र पाहणाऱ्याला काही शिकवीत नाही आणि चेतवीत नाही. ते त्याला घाईने नाव देण्यापासून रोखते. ज्या समाजात माणसाचे नाव ऐकताच त्याची जागा ठरविली जाते तेथे ही सवय निरुपयोगी म्हणता येणार नाही. पण ती न्यायाला पर्यायही नाही.

८

१९८४ साली झालेल्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे गायतोंड्यांना काही काळ अशक्य झाले. १९८५ ते १९८७ या वर्षांत त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रे केली. पांढऱ्या कागदावर थोड्या काळ्या खुणा, एवढेच त्यांचे स्वरूप आहे. या चित्रांना दुखापतीमुळे पत्करावी लागलेली तडजोड समजले जाते. पण पन्नास वर्षांच्या रीतीच्या संदर्भात त्यांचा अर्थ वेगळा लागतो. आकृती, खूण, हाताची लकब, क्षितिज आणि वाचनीयता हे सारे आधीच वगळले गेले होते. आता रंगही वगळला गेला. या वेळी वगळण्याची निवड चित्रकाराची नव्हती, देहाची होती. तरीही चित्र उभे राहिले. कागदाचा पांढरा भाग पार्श्वभूमी न राहता प्रकाशासारखा काम करू लागला. दशकाच्या अखेरीस ते कॅनव्हासकडे परतले तेव्हा त्या कॅनव्हासवर हा कागदावरचा विरळपणा जाणवतो.

१० ऑगस्ट २००१ रोजी गायतोंडे यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या चित्रांचे भाग्य पालटले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांच्या १९७९ सालच्या चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले, आणि पुढील लिलावांत हा आकडाही मागे पडला. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, आणि पुढच्या वर्षी ते व्हेनिसला गेले. मराठीत सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’च्या द्वारे साक्षी-आठवणी जमविल्या आणि २०१६ साली ‘गायतोंडे’ हा ग्रंथ संपादित केला. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी ललित कला अकादमीसाठी १९८३ मध्ये लिहिलेली पुस्तिका बराच काळ जवळजवळ एकटी होती. ती उणीव आता उरलेली नाही.

तरीही एक धोका कायम आहे. विरक्ताची कथा आणि कोटींचा आकडा ही दोन टोके दिसतात, पण ती एकमेकांना पोसतात. आकडा जितका मोठा तितकी विरक्ती अधिक दिपविणारी, आणि विरक्ती जितकी निर्मळ तितका आकडा अधिक समर्थनीय. या दोहोंच्या मधोमध चित्र पुन्हा न पाहिलेले राहते. गायतोंड्यांनी चित्रातून विषय काढला तो प्रेक्षकाला पाहण्यास भाग पाडण्यासाठी. प्रेक्षकाने तेथे चित्रकाराला बसविले आणि बाजाराने किंमत ठेवली. चित्रकाराने आयुष्यभर चालविलेली वगळण्याची रीत यापुढे त्याच्या समीक्षेने स्वीकारली पाहिजे. आधी आकडा वगळावा, मग बरसाती आणि मौनही वगळावे. लघुचित्रातून नायिका काढल्यावर जसा रंगांचा हिशेब उरला, तसे येथे काय उरते ते पाहावे.